शिक्षकी पेशातल्या माणसानं आमदार व्हावं का?

तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षं कॉलेजात शिकवतोय, शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेला उभं राहायचं मनात आहे, तर शिकवण्याचा अनुभव तिथं कामाला येतो का? माझं उत्तर : उभे राहा. हा प्रश्न आमच्या घरात वीस वर्षं भांडला गेलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित हायस्कूलमध्ये २००४ ला लागलो. पहिला पगार हातात पडला तो २०१६ नंतर, सरकारी अनुदानाच्या २० टक्के टप्प्याचा. मधली वर्षं सकाळी डेअरीत दूध मापायचं आणि अकराला वर्गात बीजगणित, असं चाललं होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात शिक्षक मतदारसंघाची मतदार यादी नव्यानं होत होती. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, जुनं नाव चालत नाही. नमुना १९, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, भरला. सोबत गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवल्याचं मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं. मुख्याध्यापक साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाले, "संस्थेनं सही करू नका म्हणून सांगितलंय. उद्या हाच कागद घेऊन तुम्ही नेमणुकीची मान्यता मागाल." तीन दिवस ऑफिसबाहेर बसलो. मुदत गेली. नऊ वर्षं शिकवून मी कागदोपत्री शिक्षक नव्हतो, आणि २०१४ च्या जूनमध्ये बाकीचे मतदानाला गेले तेव्हा मी दहावीचा जादा तास घेत होतो.

मामांना सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "बरं झालं. मास्तरानं राजकारणाच्या वाऱ्याला उभं राहू नये. एन.डी. गेले, त्यात वर्गाचं नुकसान झालं."

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एन. डी. पाटील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत होते. १९६० ला विधान परिषदेत गेले आणि एकूण १८ वर्षं तिथं राहिले. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री, १९८५ ला कोल्हापुरातून विधानसभेवर. शरद पवारांचे मेहुणे असूनही आपला शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) सोडला नाही. आणि शिक्षण कुठं सुटलं? रयत शिक्षण संस्थेचं चेअरमनपद त्यांनी सांभाळलं. रायगडच्या सेझविरोधी (विशेष आर्थिक क्षेत्राविरोधी) लढ्यात आणि कोल्हापूरच्या टोल आंदोलनात ते म्हातारपणी रस्त्यावर होते. शेतकऱ्याला कायद्याचं कलम समजेल असं सांगणं हे मास्तराचंच काम आहे. वर्ग मोठा झाला, एवढंच. मामा, नुकसान कुणाचं झालं ते सांगा.

सभागृहात अनुदानाचा टप्पा, संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), २००५ नंतर लागलेल्यांची पेन्शन यांवर बोलायला ज्यानं ते भोगलंय तोच पाहिजे. सचिवानं लिहून दिलेलं उत्तर मंत्री वाचतात तेव्हा त्यातली पळवाट त्यालाच दिसते. आजच्या कायद्यात या मतदारसंघाचा उमेदवार स्वतः शिक्षक असावा अशी अटच नाही. म्हणून संस्थाचालक आणि पक्षांचे पदाधिकारी बिनधास्त उभे राहतात.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. ७८ जणांच्या सभागृहात शिक्षकांचे फक्त ७ आहेत, एकट्यानं काही होत नाही. आणि प्राथमिक शिक्षकांना इथं मतच नाही, त्यांच्या नावानं भाषणं करू नका. खर्च, पक्षाचं तिकीट, पसंतीक्रमाच्या मतांची बेरीज हे दुसरं कुणी नीट सांगेल, मला त्यातलं फार कळत नाही.

एक मात्र करा. पुढची यादी सुरू झाली की १ नोव्हेंबरच्या आधी प्रचाराचं पत्रक घेऊन फिरू नका, नमुना १९ घेऊन विनाअनुदानित शाळांत जा. मुख्याध्यापकांच्या समोर खुर्ची ओढून बसा आणि माझ्यासारख्याच्या प्रमाणपत्रावर सही होईपर्यंत उठू नका.