बाहेरच्या देशातून आलेला माणूस भारतासाठी युद्धात लढला, तर त्याला अमेरिकेसारखं इथलं नागरिकत्व मिळतं का?

नाही मिळत, आपोआप तर नाहीच. तुमचं उत्तर इथं संपलं, पुढचं माझं आहे.

आम्ही नागपुरातल्या महाल भागातले. दिवाळी झाली की वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या एका तिबेटी कुटुंबाला भाड्यानं जायच्या, संक्रांतीपर्यंत. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर घेऊन येतात ना, ते लोक (स्वेटर लुधियानाचे असतात, तिबेटचे नाही, पण गिऱ्हाइकाला कोण सांगते). हे नॉर्गेलिंगचे, अर्जुनी मोरगावकडची वस्ती, तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती, आता गोंदियात. घरातल्या म्हाताऱ्याला त्याच्या पोरी 'पाला' म्हणायच्या आणि आम्ही पोट्टे पालापाचोळा म्हणून फिदीफिदी हसायचो. पाला म्हणजे बाबा, हे फार नंतर कळलं.

1998 चा डिसेंबर, मी दहावीत. 16 तारीख होती आणि काका ओसरीवर बसून 71 चं युद्ध सांगून राहिले होते. काका आयुष्यात कामठीच्या पुढं गेले नाही पण सांगायचे असं, जसं काही पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं शरणागतीवर सही यांच्याच पेनानं केली. पाला कोपऱ्यात बसून कार्डिगनला बटणं लावत होता. मधेच म्हणाला, "मैं भी था. चटगाँव."

काका म्हणे, कौनसी रेजिमेंट?

"बाईस."

बाईस क्या?

"बस, बाईस."

"अबे बाईस तं बसचा नंबर असते!" सगळी ओसरी हसली, मी पण हसलो. पालानं दातानं दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

आता ऐका. 1962 च्या नोव्हेंबरात, चीननं आपल्याला मारलं तेव्हा, तिबेटी निर्वासितांची एक गुप्त फौज उभी झाली, डेहराडूनकडच्या चक्रात्याला. पहिले प्रमुख मेजर जनरल सुजानसिंग उबान, ते आधी 22 माउंटन रेजिमेंटचे होते म्हणून नाव पडलं एस्टॅब्लिशमेंट 22. 71 मध्ये 3 डिसेंबरला युद्ध जाहीर झालं, हे लोक नोव्हेंबरातच चितगावच्या (पालाचं चटगाँव, तेव्हा पूर्व पाकिस्तान, आता बांगलादेश) डोंगराळ जंगलात शिरले होते, हातात बल्गेरियन एके-47, म्हणजे सापडले तर भारताचं नाव यायला नको. सुमारे 50 जण मारले गेले. सगळंच गुप्त, त्यामुळं बाकीच्यांसारखी शौर्यपदकं नाहीत, शाळेच्या पुस्तकात ओळ नाही. बाईसच्या पुढं पाला काय सांगणार होता?

आणि लढाई तरी कोणाची, चीनशी लढायला भरती झालेला माणूस पाठवला पाकिस्तानवर, तो गेला. आणि त्याला काका तोंडावर म्हणायचे, "तुमचा काय संबंध, तुम्ही पाहुणे." पाहुणा बरोबर, म्हणून तर त्याच्या पिशवीत शेवटपर्यंत आरसीच होती, परदेशी माणसाचं नोंदणीपत्र, मुदत संपली की रिन्यू करा. ज्याला घरात बसून देशभक्ती येते त्यानं आधी त्या लायनीत एकदा उभं राहून दाखवावं.

अमेरिकेचंही फार कौतुक करू नका. पंजाबातून तिकडं गेलेला भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात तिकडच्या सैन्यात होता, नागरिकत्व दिलं आणि काही दिवसांतच काढून घेतलं, 1923 ला त्यांचं सुप्रीम कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, शेवटी मिळालं 1936 मध्ये.

बाकी आपला कायदा असा की 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानंच भारतीय, मायबाप कुठलेही असोत. पालाच्या मोठ्या पोरी त्यात बसतात, पाला नाही, तो तिकडं जन्मलेला. हां, पुष्कळ तिबेटी लोक स्वतःच घेत नाहीत, परत जायचं म्हणून, पालानं कधी अर्ज केला होता का हे मी विचारलंच नाही. आणि खरं सांगतो, तो बाईसमध्ये होता याचा कागद माझ्याकडं नाही, त्याच्याकडंही नव्हता. तुमची केस वेगळी असेल तर वकिलाला विचारा.

2020 च्या सप्टेंबरात लेहला न्यिमा तेन्झिन यांची अंत्ययात्रा पहिल्यांदा अशी उघड निघाली, ते याच फौजेतले, पेटीवर तिरंगा आणि तिबेटचा झेंडा दोन्ही. पाला तोवर गेला होता. तो फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "काका, ही बाईस." काकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गुलाब आला, सुप्रभात लिहिलेला.