नोकरी तीन वर्षांची, ऑफिस मात्र नवं

“मॅडम, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलंय. मला नाही जमणार. राजीनामा देऊ का?”

कोविडनंतर हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेकांना प्रवास नको असतो, आणि सकाळची डोंबिवली फास्ट ज्याने पाहिली आहे त्याला याचं कारण सांगायला नको. निखिलचं (नाव आणि तपशील बदलले आहेत) दुखणं वेगळं होतं.

तो नोकरीला लागला ऑक्टोबर २०२० मध्ये. मुलाखत व्हिडिओवर, ऑफर लेटर ईमेलवर, लॅपटॉप कुरिअरने घरी. तेव्हा अत्यावश्यक सेवेत नसलेल्या त्याच्यासारख्यांना लोकलमध्ये प्रवेशच नव्हता. तो मिळाला १ फेब्रुवारी २०२१ पासून, तोही ठरावीक वेळांत. तोवर घरून काम अंगवळणी पडलं. पुढे एक बढतीही मिळाली. पण टीममधल्या एकाबरोबरही त्याने कधी चहा घेतला नव्हता.

“नक्की कशाची भीती वाटते?” बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, “डबा कुणाबरोबर खायचा?” सोबत आलेली आई हसली. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. घरी कॅमेरा बंद ठेवून, समोर मुद्दे लिहून तो मीटिंग निभावायचा. टीम लीड अचानक खुर्चीपाशी येऊन काही विचारेल, तेव्हा काय करायचं हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

हा आजार नव्हे. सिनियरच्या मागेमागे फिरत पहिल्या महिन्यात जो बुजरेपणा जातो, तो याचा जायचा राहिला होता. एचआरच्या लेखी तो जुना कर्मचारी, त्यामुळे कँटीन दाखवायलाही कुणी येणार नव्हतं. लॉकडाऊनमध्ये भरती ऑनलाइन केली हे कौतुकाचंच. पण त्या मुलांची ऑफिसशी ओळख करून देणं अनेक कंपन्या विसरल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

राजीनामा महिनाभर बाजूला ठेवायला सांगितलं आणि एचआरला मेल लिहून घेतला: माझं जॉइनिंग ऑनलाइन झालं, तर आधी अर्धा दिवस येऊन जागा पाहू का? सुरुवातीचे दोन आठवडे टीममधल्या कुणाच्या शेजारी बसता येईल का?

झोप उडाली असेल, घराबाहेर पडायच्या विचारानेच धडधडत असेल, तर मात्र एवढ्यावर भागत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.

एचआरने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. निखिल मंगळवार ते गुरुवार जातो. चारचौघांत बोलताना अजून अडखळतो. त्यावर आमचं काम चालू आहे.