एफसेटपॉसला एफटेलचा आकडा का चालत नाही?

सी भाषेत एफटेल हे फंक्शन फाईलमधली सध्याची जागा आकड्यात सांगतं. एफगेटपॉस तीच जागा एफपॉस_टी या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये साठवतं आणि एफसेटपॉस त्या साठवलेल्या जागी परत नेतं. तुम्ही एफटेलनं मिळालेला आकडा एफपॉस_टीच्या व्हेरिएबलमध्ये टाकून तो एफसेटपॉसला देताय. विंडोजवर हे बिनबोभाट चालतं आणि लिनक्सवर कंपाइलच होत नाही, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे, तसंच होणार. विंडोजवर एफपॉस_टी हा साधा ६४ बिटी पूर्णांक आहे, त्यामुळे तिथे ही चूक पचून जाते. लिनक्सच्या जीलिबसीत, म्हणजे तिथल्या सी लायब्ररीत, मात्र ते स्ट्रक्चर आहे, म्हणजे अनेक भाग एकत्र ठेवणारा प्रकार. त्यात फाईलमधली जागा तर असतेच, शिवाय मल्टिबाइट (एकाहून जास्त बाइटांची) अक्षरं वाचताना डीकोडिंग कुठवर आलंय तेही असतं. पूर्णांक उचलून स्ट्रक्चरमध्ये कसा बसेल?

एफपॉस_टी म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला. ज्या स्ट्रीमवर (उघडलेल्या फाईलवर) एफगेटपॉसनं घेतला, त्याच स्ट्रीमला एफसेटपॉसनं परत द्यायचा. त्यात दहा मिळवू नका, तो प्रिंट करू नका आणि उद्यासाठी डिस्कवर लिहून ठेवू नका.

तुमच्या कोडमध्ये पुढच्या सेक्शनचं शीर्षक दिसलं की एक ओळ मागे यायचंय. त्यासाठी ओळ वाचायच्या आधी, लूपच्या प्रत्येक फेरीत, एफगेटपॉस बोलवा. ओळ वाचून झाल्यावर बोलवलंत तर शीर्षकाच्या पुढची जागा मिळेल. दोन्ही फंक्शनं यशस्वी झाली की शून्य परत देतात. हे तपासाच, कारण इनपुट पाइपमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून थेट, येत असेल तर मागे जाताच येत नाही आणि तपासलं नाहीत तर प्रोग्रॅम गुपचूप चुकीचा डेटा वाचत राहतो.

फाईल संपल्याची खूण एफसेटपॉस स्वतःच पुसतं, वेगळं क्लिअरएरर लागत नाही. अनगेटसीनं परत ढकललेलं अक्षरही त्यासोबत जातं, तेवढं ध्यानात ठेवा.

आकडाच हवा असेल, म्हणजे जागेची बेरीज-वजाबाकी करायची असेल, तर फाईल बायनरी मोडमध्ये उघडा आणि एफटेल-एफसीकची जोडी वापरा. पण एफटेल जो लाँग प्रकारचा पूर्णांक देतं, तो विंडोजवर ६४ बिटी प्रोग्रॅममध्येही ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे २ जीबीपुढे एफटेल कामाचं नाही. लिनक्सवर एफटेलओ आणि एफसीकओ आहेत, माझी पसंती त्यांनाच.

आणि फाईल अपेंड मोडमध्ये (शेवटी भर घालण्यासाठी) उघडली असेल तर एफसेटपॉसनं कुठेही जा, लिहिलेलं शेवटीच पडणार.