खेळातलं पात्र, खरं रडू

उदगीरहून नेदरलँड्सला गेलेल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांची 14 वर्षांची लेक संध्याकाळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर इतर मुलामुलींसोबत रोलप्ले खेळते, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून लिहीत गोष्ट पुढे न्यायची. तिचं पात्र एका कल्पित डोंगरी जमातीतली वाटाडी आहे, आणि त्या जमातीची भाषा ती स्वतः वहीत रचते. गेल्या महिन्यात गोष्टीत या वाटाडीची आजी वारली, तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. ‘खोट्या आजीसाठी एवढी रडली, आणि खऱ्या आजीचा फोन आला की दोन मिनिटांत उठते,’ असं ताईंनी लिहिलंय. अकाउंट बंद करावं, असं तिच्या बाबांचं मत आहे.

ताई, बंद करू नका. आजी कल्पनेतली असली तरी रडणं खरं होतं. पात्राचं दुःख खेळणाऱ्यात झिरपतं, तसं खेळणाऱ्याचं पात्रातही उतरतं. रोलप्लेवाले याला ‘ब्लीड’ म्हणतात. तुमची लेक आजीपासून इतकी लांब राहते. आजी थकत चालली आहे हे तिला दिसतं, पण फोनवर ‘काय करायलीस माय? जेवलीस का?’ याला ‘हो’ म्हणण्यापलीकडे तिची मराठी जात नाही. खेळात मात्र तिला आजीच्या उशाशी बसता आलं, मनातलं सगळं बोलता आलं. मला तर वाटतं, ती खऱ्या आजीसाठीच रडली असेल.

आपल्या मराठवाड्याला हे नवं नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून वासुदेव, जोशी, आंधळा, मुका अशी किती सोंगं घेतली! त्या सोंगांच्या तोंडून त्यांनी लोकांना कळकळीनं सांगितलं, आणि ते खोटं होतं असं कुणी म्हणत नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ जपायला सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या तयार केल्या. आपणही लहानपणी ‘च’ची भाषा बोललोच की. ‘मला’चं ‘चलाम’ केलं की मोठी माणसं बाहेर आणि आपण आत! आपल्यापुरती भाषा असणं ही मुलांची फार जुनी गरज आहे, आणि घरात एक, शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलीला तर ती जास्तच असणार.

म्हणून तिची वही चोरून वाचू नका. ‘तुझ्या जमातीत आजीला काय म्हणतात?’ एवढंच विचारा. तिनं सांगितलं तर ऐकून घ्या, शब्द सुधारू नका. नाही सांगितलं तर विषय सोडा, आठवड्यानं पुन्हा विचारा.

काळजी कुठे घ्यायची तेही सांगते. डिस्कॉर्डवर 13 वर्षांखालच्यांना अकाउंट काढता येत नाही, आणि काही देशांत ही वयोमर्यादा त्याहून जास्त आहे, तेव्हा नेदरलँड्ससाठी ती किती आहे ते आधी पाहून घ्या. डिस्कॉर्डमध्ये ‘फॅमिली सेंटर’ नावाची सोय आहे. ते जोडलं की ती कुणाशी बोलते, कोणत्या सर्व्हरवर (म्हणजे गटात) आहे ते तुम्हाला दिसतं, मेसेज मात्र दिसत नाहीत. हे तिच्या संमतीनं, तिच्यासमोर जोडा. पात्र बाजूला ठेवून होणाऱ्या गप्पांना ही मुलं ‘ओओसी’ (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात. जपायचं ते तिथे. कुणी फोटो, शाळेचं नाव किंवा नंबर मागितला, ‘घरी सांगू नकोस’ म्हणालं, तर खेळ तिथेच थांबवून तुमच्याकडे यायचं, आणि आल्यावर अकाउंट जाणार नाही, हा शब्द तिला आधीच द्या. तो शब्द नसेल तर ती येणार नाही. दोन दिवसांच्या रडण्याची मला भीती वाटत नाही. पण जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, खेळाबाहेर कशातच जीव रमेना, तर शाळेतल्या मेंटरशी आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोला.

राहिला आजीचा फोन. वाटाडीला खूप काही ठाऊक असावं लागतं, आणि ते तुमच्या आईंना ठाऊक आहे. चार दिवसांच्या वाटेला शिदोरी काय घ्यायची? धपाटे किती दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी कशी बांधायची? पाऊस येणार हे आधी कशावरून कळतं? लेकीला हे प्रश्न आजीला विचारू द्या, पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसून अडेल तिथे शब्द पुरवा. आजीची उत्तरं वहीत कोणत्या नावानं लिहायची, ते मात्र तिचं तिला ठरवू द्या.