अ‍ॅमस्टरडॅमचा जुना कालव्यांचा भाग बघायला गाइडेड वॉक घ्यावा की बोट राइड पुरे?

वॉक घ्याच, बोट नंतर कधीही होते. बोटीतून घरं छान दिसतात पण ती अशी का आहेत हे चालतानाच कळतं, म्हणजे बघा, जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला हुक, कारण आतले जिने इतके अरुंद की सामान दोरीने बाहेरूनच वर ओढायचं, आणि ते भिंतीवर आपटू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलीत. बाजूला कललेली दिसतात ती मात्र खालचे लाकडी खांब खचल्यामुळे, सगळं जुनं शहर दलदलीत ठोकलेल्या खांबांवरच उभं आहे ना.

हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन मुख्य कालवे, खोदकाम 1613 ला सुरू झालं, 2010 पासून युनेस्कोच्या यादीत. हा सगळा पैसा कुठून आला हे गाइडला नक्की विचारा, मसाल्यांच्या व्यापारातून आणि गुलामांच्या व्यापारातूनही आलाय, आणि मसाल्यांचा व्यापार करणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला पण होती. चांगला गाइड हे टाळत नाही.

ग्रुप लहान बघा, तसंही मध्यवर्ती भागात 15 च्या वर माणसं नेता येत नाहीत. ॲन फ्रँकचं घर वॉकमध्ये फक्त बाहेरून दिसतं, आत जायचं तर तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं आणि ती भराभर संपतात. आणि फोटो काढताना सायकलच्या लेनमध्ये अजिबात उभे राहू नका.