प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअर दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची, तर .२४३, ६.५ क्रीडमूर की .२७०?

तुम्ही लिहिलंय की कोलोरॅडोत राहता, एच-१बी वर आहात, यंदा पूर्वेकडच्या माळावर प्रॉन्गहॉर्न (हरणासारखं शिंगवालं जनावर) आणि पुढे डोंगरात म्यूल डिअर (मोठ्या कानांचं हरीण) यांच्या शिकारीचा बेत आहे आणि आजवर रायफल हातात धरलेली नाही. तिन्ही नावं काडतुसांची, आणि एवढ्या माहितीवर माझं उत्तर ६.५ क्रीडमूर. पण काडतुसाच्या आधी व्हिसाचं बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो आणि रायफल घरात तशीच असते. ही तारीख विसरू नका; प्रश्न ग्रीन कार्डाचा आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्या घरांत या गोष्टी सांगणारं कुणी नसतं. म्हणून माझ्या पहिल्या शिकारीचं आधी सांगतो.

एका सहकाऱ्यानं त्याची .३०० विन्चेस्टर मॅग्नम वापरायला दिली होती. "हिनं एल्कसुद्धा आडवा होतो, अँटिलोपचं काय!" असं तो म्हणाला (एल्क म्हणजे खूप मोठं हरीण, आणि अँटिलोप म्हणजे इथं प्रॉन्गहॉर्नच). रेंजवर पाच बार काढले आणि खांदा काळानिळा झाला, म्हणून सराव तिथंच थांबवला. ऑक्टोबरात साधारण १८० यार्डांवर एक नर आडवा उभा मिळाला. चाप ओढताना माझे डोळे आपोआप मिटले. गोळी छातीऐवजी पोटात लागली. ते जनावर उठत-बसत दोन तास माझ्यापुढे चालत राहिलं, तेव्हा कुठे दुसरी गोळी नीट बसली. त्या दोन तासांबद्दल मला आजही वाईट वाटतं. रायफलची ताकद कुठेच कमी नव्हती. मला धक्क्याची भीती बसली होती.

म्हणून मी तुलना धक्क्यापासून सुरू करतो. आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९-१० फूट-पौंड (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) बसतो, क्रीडमूरचा १२-१३, .२७० चा १७ च्या आसपास आणि त्या .३०० मॅग्नमचा २५ च्या वर. आकडे कोरडे वाटतील, पण नवख्या माणसाला एका बैठकीत वीस बार शांतपणे काढता येतात की नाही, हे याच आकड्यांवर ठरतं.

.२४३ हे १९५५ चं काडतूस. .३०८ च्या पुंगळीचं तोंड आवळून केलेलं. शंभर ग्रेनची गोळी (एका ग्रॅमचे सुमारे साडेपंधरा ग्रेन) सेकंदाला २,९०० फुटांपेक्षा जास्त वेगानं जाते. प्रॉन्गहॉर्नचा नर जेमतेम ५०-६० किलोचा, त्याला ते पुरून उरतं. कोलोरॅडोच्या नियमातही बसतं, कारण इथं हरणांसाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) आणि ७० ग्रेनची गोळी लागते. मात्र म्यूल डिअरचा थोराड नर शंभर किलोला सहज जातो. तिरका उभा असेल, तर खांद्याचं हाड फोडून आत जायला हलकी गोळी कमी पडू शकते. अनुभवी माणूस अशा वेळी बार काढतच नाही. नवख्याला मात्र ते थांबणं सगळ्यात अवघड जातं.

.२७० विन्चेस्टर १९२५ पासून हेच काम करत आलंय. १३० ग्रेन, सेकंदाला सुमारे ३,०६० फूट, आणि गोळीचा मार्ग सपाट, म्हणजे ती जाताना कमी खाली येते. तुम्हाला कुणी चांगली जुनी .२७० स्वस्तात देत असेल आणि तिचा धक्का तुम्हाला झेपत असेल, तर बिनधास्त विकत घ्या. क्रीडमूर (२००७) मुळात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी आलं. गोळी लांब आणि निमुळती, त्यामुळे वाऱ्यानं कमी ढळते. तुम्ही ज्या माळावर जाणार आहात तिथं झाड नाही, आडोसा नाही आणि वारा थांबत नाही. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर या तिघांच्या गोळ्या साधारण पाच ते आठ इंच सरकतात. प्रॉन्गहॉर्नच्या छातीतला नेमाचा भाग आठ-नऊ इंचांचा. हिशेब तुम्हीच करा. पहिल्या वर्षी २०० यार्डांच्या पुढे बार काढू नका, काडतूस कुठलंही असो.

(प्रॉन्गहॉर्नला इथं सगळे अँटिलोप म्हणतात, पण ते काळविटाच्या कुळातलं नाही. त्याच्या कुळात आता तेवढं एकच जनावर उरलंय आणि जवळचं नातं जिराफाशी आहे. शिंगाचं आतलं हाड कायम राहतं, वरचं टरफल दरवर्षी गळतं. नजर इतकी तीक्ष्ण की मैलभरावरून तुम्हाला हेरतं.)

आता गोळी. तुम्ही याबद्दल विचारलेलं नाही, पण मला हे काडतुसाच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. शिशाच्या गाभ्याची गोळी लागल्यावर फुटते आणि तिचे बारीक कण जखमेभोवती दूरवर मांसात पसरतात, डोळ्यांना न दिसणारे. माझ्या घरी ते मांस मुलं खातात. म्हणून मी अखंड तांब्याची गोळी वापरतो. ती महाग पडते आणि लागल्यावर तिचं टोक फुलून उघडायला वेग लागतो, म्हणून अंतर आणखीच जपावं लागतं. तिन्ही काडतुसांत ती मिळते.

रायफलीवर सगळे पैसे घालवू नका. साधी बोल्ट-ॲक्शन (दर बारानंतर हातानं खटका ओढायची रायफल), बरी दुर्बीण आणि उरलेल्या पैशांत काडतुसं. नेम २०० यार्डांवर बसवून घ्या. नंतर रेंजवरचं रायफल टेकवायचं टेबल सोडा. माळावर टेबल नसतं, आणि पालथं पडायला जावं तर खाली निवडुंग. काठीच्या आधारानं बसून मारायला शिका. घरी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून रोज दहा मिनिटं नुसता चाप ओढा, डोळे उघडे ठेवून. माझी भीती यानंच गेली, आणि त्याला अख्खा उन्हाळा लागला.

आणि गाडीत बर्फानं भरलेले दोन कूलर न्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माळावर दुपारी चांगलंच ऊन असतं. प्रॉन्गहॉर्नच्या मांसाला उग्र वास येतो असं लोक सांगतात, तो बहुतेक वेळा उन्हात राहिल्यामुळे येतो. पोट लगेच साफ करा, कातडं जागेवरच उतरवा, मांस बर्फावर ठेवा. लायसन्सचा टॅग (जनावराला लावायची चिठ्ठी) मात्र त्याआधी भरा.