सोलापुरात बीएस्सी फिजिक्स करतेय. उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव मिळेल का?

हो, नक्की मिळू शकतो. फक्त अर्ज उन्हाळ्यात नव्हे, दिवाळीच्या आसपास करायचा. देशातल्या ३ विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप पदवीच्या मुलांनाही खुली आहे: साधारण २ महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, शिवाय विद्यावेतन. मी कॉलेजात शिकवतो, मुलांचे अर्ज वाचून देतो. ‘लहानपणापासून आकाशाची आवड’ एवढ्यावर भागत नाही गं. रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्याची तेजस्विता रोज नोंदवली, पायथॉन या संगणक-भाषेत त्याचा आलेख काढला, असं हातून झालेलं काम लिही. शिफारसपत्रासाठी सरांना आत्ताच गाठ. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतला सुट्टीतला प्रकल्प मात्र मुख्यतः एमएस्सी आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी असतो, तेव्हा पात्रता आधी वाच.